नऊ वाजताचं पाणी

१५ जुलै, मंगळवार

आज सकाळी पूजा आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे सगळे डबे खाली काढले. त्यांच्याखाली जुन्या कॅलेंडरची पानं घातलेली आहेत. वर्ष संपलं की सुमन पानं सुटी करून फळ्यांवर घालते. कागद गुळगुळीत असतो, पुसता येतो. मला सुरुवातीच्या पाच वर्षांची पानं हवी होती. ती दारात येऊन उभी राहिली. "अहो, डाळीच्या डब्याखाली काय हरवलं तुमचं?" मी म्हटलं, तारखा. त्यावर तिने काही विचारलं नाही. डबे परत होते तसेच लावायचे, एवढंच सांगितलं.

अडतीस पानं धड मिळाली. बाकीची फाटलेली, काही तेलाने गेलेली. लॅबच्या वहीतून खाडीवर गेल्याच्या तारखा मी एका कागदावर उतरवून आणल्या होत्या. एकेक ताडून पाहिली. अडतीसच्या अडतीस संकष्टीच्या.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मीच तर जात होतो. पण तेलकट पानांवर चंद्रोदयाच्या छापील वेळेसकट ते समोर मांडलेलं पाहिलं आणि हात थांबले.

तांदळाचा डबा चुकीच्या फळीवर गेला. बस चुकली. नगर रोडला दीड तास.

१६ जुलै

नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यातला गुंता जरा तरी सुटेल.

सात वर्षं झाली. महिन्यातून एकदा कोकणात खाडीवर जायचं, सकाळी नऊ वाजता धक्क्यालगत होडीतून पाच बाटल्या पाणी घ्यायचं, बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी पुण्याला आणायचं. पाणी गाळायचं, गाळण्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या. त्या पाण्यात कोणकोणते जिवाणू आहेत, हवा बदलते तसे ते बदलतात का, हे पाहायचं. पाहणारे वेगळे. मी आणणारा.

तेव्हाचे आमचे सर म्हणाले होते, गव्हाणे, दिवस तुमच्या सोयीने, वेळ मात्र नऊ. फॉर्मवर रकाना होता, दिवस कसा निवडला. सरांनी सांगितलं, लिहा 'यादृच्छिक'. म्हणजे मनात काही न धरता. मी लिहिलं. सही केली. आणि मनात चतुर्थी धरली.

कारण साधं होतं. धक्क्याच्या वर चाळीस पायऱ्यांवर गणपतीचं देऊळ आहे. त्या वर्षी आईचं दुखणं चाललं होतं आणि मी दर संकष्टीला देवदर्शन बोललो होतो. पुढे आई गेली. माझं दर संकष्टीला जाणं तसंच चालू राहिलं.

हे ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका शास्त्रज्ञांनी माझ्या कपाळाकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, देव गेटवर जमा करून येत जा. तेव्हापासून गेटच्या आधी टिळा पुसतो. इतक्या वर्षांत एकदाही विसरलो नाही.

१७ जुलै

काल अर्धंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले, मॅडम आल्या. मॅडम मातीवर काम केलेल्या. खाडी त्यांच्याकडे वारशाने आली. त्यांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, यादृच्छिक म्हणजे बेशिस्त, यापुढे महिन्याचा पहिला सोमवार. ऑफिसची गाडी सोमवारी मोकळी असते. वेळ नऊच राहिली. तेव्हा मला उलट बरंच वाटलं, लपवाछपवी संपली म्हणून.

परवाच्या सात तारखेला गेलो, तर धक्क्याच्या खालच्या सगळ्या पायऱ्या पाण्यात. जनूभाऊ, म्हणजे तरवाला, होडीत बसून माझ्याकडे बघत होता. पहिल्या दिवसापासून तोच मला पाण्यात नेतो. म्हणाला, "गव्हाणेसाहेब, देवाला यायचात तेव्हा पाणी एका जागी भेटायचं. आता हापिसातून येता. पाण्याला काय सोमवार कळतो?"

मी हसलो. ताम्हिणी घाट चढेपर्यंत हसू उतरलं होतं.

तो भरतीची वेळ तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली होती, वर्गात मीच शेवटपर्यंत न चुकता म्हणायचो. चार पाऊण तीन. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊला पार ओहोटी. साठ महिने मी नऊ वाजता ओहोटीचं, नदीकडून आलेलं पाणी आणलं. सात तारखेच्या सोमवारी द्वादशी. बारा पाऊण नऊ. नऊला तुडुंब भरती. आणलं ते समुद्राचं पाणी.

पुण्यात नऊ म्हणजे नऊ. खाडीवर नऊ म्हणजे काहीही. सात वर्षांत आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नाही. घड्याळ बरोबर आहे ना, मग झालं.

१८ जुलै, शुक्रवार

मॅडमकडे गेलो. सगळं बोलायचं ठरवून गेलो आणि बोललो इतकंच, की फॉर्ममध्ये भरती-ओहोटीचा एक रकाना घालू या का.

मॅडमनी चष्मा वर केला. "समुद्राला भरती येते हा शोध आपल्याकडे आज लागला का?"

मी फॉर्मवरच्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं.

"गव्हाणे, पाच वर्षं फॉर्म तुम्हीच भरत होता. तेव्हा दिसली नाही भरती?"

नाही म्हणालो. तेही खोटंच. जिन्यात बराच वेळ उभा होतो.

२१ जुलै

ऋचाशी बोलायचा प्रयत्न. ऋचाची पीएच.डी. याच पाण्यावर आहे. पाच वर्षं माझ्यासमोर गाळण्या मोजत मोठी झाली म्हटलं तरी चालेल. वीस ऑगस्टला प्रबंध द्यायचा, ऑक्टोबरात परदेशी रुजू व्हायचं. तिकीट काढून झालंय. हल्ली जेवते ती स्क्रीनसमोरच.

म्हटलं, खाडीत भरतीचा काही फरक पडत असेल का गं?

"काका, सॅलिनिटी घेतलीय ना आपण दर वेळी? मग कव्हर झालं सगळं. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

खारटपणा घेतलाय, खरं. पण तो कशाने बदलला हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. तिने त्याचं कारण पावसात शोधलंय. पाऊस लहरी झालाय, मे महिन्यात धो धो पडतोय, म्हणून खाडीचा खारटपणा वाटेल तसा वरखाली, म्हणून जिवाणूंची वस्ती विस्कटलेली. ऐकायला इतकं चोख आहे.

आणि पाऊस खरंच लहरी झालाय. तीच तर पंचाईत आहे.

२५ जुलै, शुक्रवार

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीपात्रातला रस्ता बंद. तासभर उशिरा पोचलो, तोवर ऋचाचं सेमिनार सुरू झालं होतं. मागच्या रांगेत बसलो.

तिने खारटपणाचा आणि जिवाणूंचा आलेख दाखवला. पाच वर्षं रेघ शांत, पावसाळ्यात जरा हलते, पुन्हा जागेवर. मग दोन वर्षं नुसते सुळके. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, वातावरणाच्या अस्थिरतेला खाडीतील जिवाणूंचा प्रतिसाद.  कुणालाही भीती वाटावी असा आलेख.

मला तर चक्क दिसत होतं. शांत भाग म्हणजे माझी चतुर्थी. सुळके सुरू होतात तिथे मॅडमचा पहिला सोमवार.

दुसऱ्या विभागातल्या एका गृहस्थांनी विचारलं, त्या सुमारास तुमच्याकडे आणखी काही बदललं होतं का? मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सॅम्पलिंग सुधारलं. एवढंच." सगळे हसले. ऋचाही हसली.

मी उठायला हवं होतं. गुडघ्यावर हात ठेवलेसुद्धा. मग टाळ्या झाल्या, चहा आला.

२६ जुलै

दिवसभर चिडचिड. सुमनवर विनाकारण ओरडलो, पोळी गार आहे म्हणून. ती गार नव्हती.

उपास धरला देवासाठी. लपवला माणसांसाठी. देवाने काही मागितलं नव्हतं, लपवायलाही सांगितलं नव्हतं. रकान्यात 'संकष्टी चतुर्थी' असे दोन शब्द लिहिले असते तर कुणीतरी हसलं असतं, आठवडाभर चहाला विषय झाला असता, आणि वाचणाऱ्या एखाद्या शहाण्याला लगेच कळलं असतं की हा माणूस दर वेळी एकाच ओहोटीला जातोय. थट्टेला घाबरून मी एक शब्द लिहिला आणि तो साठ वेळा सही करून लिहिला.

आज पोथीत लक्ष लागलं नाही.

२९ जुलै, मंगळवार

एक विचार सुचलाय. सांगून कुणाला पटणार नाही, मला तर बोलताही येत नाही. पण पाणी दाखवता येईल. येत्या सोमवारी एकाच दिवसात सात, नऊ, अकरा, एक, तीन, अशा पाच वेळा पाणी घ्यायचं. रविवारीच जायला हवं.

जनूभाऊला फोन केला. "या की. माझ्याकडं निजा. पण सोमवारी दशमी हाय, सातसाडेसातला भरती. पयलं पाणी घ्याल ते भरलेलं असंल." त्याला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. पुण्यात ज्यासाठी तीन आठवडे शब्द जुळवतोय ते त्याला फोनवर अर्ध्या मिनिटात कळलं.

१ ऑगस्ट

जादा बाटल्यांसाठी मागणीपत्र भरलं. कारण: 'फुटल्यास'. म्हणजे पुन्हा खोटंच. फाडलं. नवीन भरलं. कारण: 'दिवसभरातील बदल पाहण्यासाठी'. मॅडमनी न वाचता सही केली.

४ ऑगस्ट, सोमवार. खाडीवरून परत

काल एसटीने गेलो, जनूभाऊच्या पडवीत झोपलो. सकाळी सातला पहिल्या बाटल्या. पायरी एकही दिसत नव्हती. नऊला ऑफिसची गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, झालं ना साहेब, नऊ वाजले, निघू या. त्याला सांगितलं तीनपर्यंत आहे. "बाटली भरायला अख्खा दिवस? काय थेंबाथेंबाने भरताय का?" आणि गाडीत जाऊन झोपला.

अकराला सात पायऱ्या उघड्या. एक वाजता चिखल दिसायला लागला, खेकडे बाहेर. खारटपणा मोजला. सकाळी सातला होता त्याच्या जेमतेम पाव भाग. एका दिवसात, एकाच धक्क्यावर, ऋचाच्या आलेखातल्या सगळ्यात उंच सुळक्यापेक्षा मोठा फरक.

होडीतल्या होडीत किती तरी वेळ खारटपणा मोजायच्या नळीत डोळा लावून बसलो. जनूभाऊ वल्हं आडवं धरून थांबला होता. म्हणाला, "काय, सापडलं?" मी म्हटलं, सापडलं. "मग तोंड असं का?"

सांगितलं त्याला. सगळं. चतुर्थी, फॉर्म, ऋचा, तिकीट. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. त्याने वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाला, लॉकडाऊनच्या महिन्यांत तुम्ही नव्हतात, बाटल्या मी भरल्या, चवथ बघूनच भरल्या, तुमचा नेम मोडू नये म्हणून. आता त्याचाही तुम्हाला ताप होणार का?

नाही म्हणालो. उलट त्या बाटल्या सोन्यासारख्या आहेत.

देवळात गेलो नाही. चाळीस पायऱ्या चढायचं धैर्य झालं नाही. चतुर्थी नव्हती, हेही खरं.

७ ऑगस्ट, गुरुवार

सोमवारचं पाणी जिवाणू वाढवायच्या बशांवर पसरलं होतं. एक बशी खारट, समुद्राकडच्या जिवाणूंना मानवणारी. एक गोडी, नदीकडच्यांसाठी. तीन दिवसांत उगवलं. खारट बशीत सात वाजताच्या पाण्याची दाटी, एक वाजताच्या पाण्याचे चारदोन ठिपके. गोड्या बशीत नेमकं उलटं. पाचही वेळा ओळीने मांडल्या की लहान मुलाला कळेल.

ऋचाला बोलावलं. बशा दाखवल्या. मग कॅलेंडरची पानं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तेलाचे डाग, डब्यांचे गोल. ती हुशार आहे. मी तिसरं वाक्य बोलेपर्यंत तिचा चेहरा उतरला होता.

"काका, पाच वर्षं तुम्ही उपास बघून सॅम्पल घेतलंत?"

हो म्हणालो.

"आणि मी मेथड्समध्ये रँडम लिहिलंय. तुमच्या सह्यांवर विसंबून."

हो.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पानं एकावर एक नीट लावली, कडा जुळवल्या, माझ्याकडे परत दिली. म्हणाली, वीस तारखेपर्यंत थांबा. सबमिट होऊ दे. नंतर आपण शांतपणे मॅडमशी बोलू. प्लीज काका.

मी म्हणालो, बघतो.

८ ऑगस्ट

ऋचाने आज मला चहा आणून दिला. पाच वर्षांत कधी आणला नव्हता. तो टेबलावर तसाच गार झाला.

९ ऑगस्ट, शनिवार

सुमनला सांगितलं. संध्याकाळी ती भाजी निवडत होती, तेव्हा. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं म्हणेल, एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांचं ते बघून घेतील. ती म्हणाली, "तुम्ही तिला 'बघतो' म्हणालात?"

म्हणालो होतो.

"मग तिने 'हो' धरलं असेल. तुम्ही मला 'बघतो' म्हणता तेव्हा मी 'नाही' धरते. तिला कुठे माहीत."

तिने मेथीची जुडी निवडून संपवली. मग तिने विचारलं, त्या पोरीचं वर्ष जाईल का? बहुतेक, म्हटलं. तुमचं काय होईल? मेमो येईल, चौकशी होईल, थट्टा होईल. थट्टेचंच जास्त वाटतंय ना तुम्हाला, असं म्हणाली. मान वर न करता.

१० ऑगस्ट, रविवार

फ्रीझरची पाळी असल्याने आज लॅबला. कुणी नव्हतं. पहिल्या पाच वर्षांचे निकाल घेऊन बसलो, फक्त चतुर्थीचे. माझं शिक्षण तोकडं, पण महिन्याला महिना लावून बघता येतो. जानेवारीशेजारी जानेवारी. ऑक्टोबरशेजारी ऑक्टोबर. पाणी तेच, ओहोटी तीच, पायरी तीच. त्यातही हललंय. फार नाही. उकाड्यात वाढणाऱ्या काही जाती पाचव्या वर्षी पहिल्यापेक्षा लवकर दिसायला लागल्यात आणि पावसानंतर लवकर जातही नाहीत. सुळके वगैरे काही नाही. नुसता कल. मला चुकीचंही दिसत असेल, ऋचालाच नीट कळेल.

पण जे काही आहे ते हवेने हललेलं आहे. भरतीने नाही, माझ्या सोयीने नाही, गाडीच्या सोमवाराने नाही.

वीसला प्रबंध गेला की तो बांधला जाईल, कपाटात लागेल, कुणीतरी त्याचा आधार घेऊन पुढचं लिहील. मग माझं शांतपणे बोलणं कोण ऐकणार? मॅडम म्हणतील आता कशाला. ऋचा तोवर परदेशी. मलाही हळूहळू तेच वाटायला लागेल, आता कशाला. मला माझी खात्री आहे. सात वर्षं गप्प बसलेला माणूस आठव्या वर्षीही बसू शकतो.

११ ऑगस्ट, सोमवार

ऋचाला फोन केला, लॅबला निघायच्या आधी. समोर उभं राहून जमलं नसतं. सांगितलं, थांबणार नाही, उद्या मॅडमना सांगतो, तुला आधी कळावं म्हणून फोन.

तिकडे तिने पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"तुम्हाला काय काका, एक मेमो. माझं वर्ष जाईल. कदाचित ती पोझिशनसुद्धा."

तिचं म्हणणं खरं होतं.  तरी म्हटलं, पहिली पाच वर्षं बघ, चोवीस महिने बाजूला काढून बघ. त्यात काही तरी आहे.

"बघितलीयेत. रात्री झोप नाही म्हणून तेच बघत बसले होते. फारच थोडं हललंय त्यात."

थोडं असलं तरी ते खरं आहे, म्हटलं.

"थोड्यावर पेपर होत नाही काका." आणि फोन ठेवला. आदळला नाही. ठेवला.

लॅबमध्ये आज तिची खुर्ची रिकामी. मी मॅडमसाठी पत्र लिहिलं. पाच वेळा. पहिल्या चारांत आईचं दुखणं येत होतं. पाचव्यातून काढलं. दया मागायची नाही. तारखा, तिथी, भरतीची वेळ, आणि एक वाक्य: 'यादृच्छिक' हा शब्द मी लिहिला, तो खोटा होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

मॅडम साडेनऊला आल्या. पत्र, बशांचे फोटो, कॅलेंडरची पानं ठेवली. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. एका पानावरचा डाग नखाने खरवडून पाहिला. मग शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली.

"आज मुहूर्त काढलात वाटतं?"

म्हटलं, "नाही मॅडम. आज धीर झाला."

 मला वाटलं होतं ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, की सोमवार मी ठरवला, भरतीचं मलाही सुचलं नाही, त्या दिवशी तुम्ही रकाना मागायला आलात आणि मी तुमची चेष्टा केली. हे बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. मग पत्र माझ्याकडे सरकवलं.

"हे नको. पत्रं फाइलीत जातात, फाइली हरवतात. वहीत लिहाल?"

वही म्हणजे नमुन्यांची. बांधलेली, पानांवर आकडे छापलेले, पान फाडता येत नाही, खोडता येत नाही. विद्यापीठाकडून कुणी आलं तर पहिली तीच मागतात. तिच्यात लिहिलं की ते सगळ्यांचं झालं. मॅडमना हे माहीत होतं. मलाही.

लिहितो म्हणालो.

बाहेर आलो तर ऋचा पॅसेजमध्ये उभी होती, लॅपटॉप छातीशी. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं. मॅडमनी तिला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

वही घेऊन माझ्या टेबलाशी बसलो. उपास होता म्हणून मधल्या सुट्टीत उठायचं कारण नव्हतं. शेवटच्या रकान्याच्या उजवीकडे दोन बोटं कोरी जागा आहे. पट्टीने उभी रेघ मारली. वर लिहिलं, तिथी. त्याच्या शेजारी, भरती. मग पहिल्या पानापासून खाली उतरत गेलो. कृष्ण चतुर्थी. कृष्ण चतुर्थी. जनूभाऊने भरलेल्या तीन महिन्यांपुढे त्याचं नाव घातलं, ते आजवर कुठेच नव्हतं. साठ झाल्यावर सोमवार आले. तृतीया, प्रतिपदा, अष्टमी, द्वादशी. शेजारी पाऊणपटीची वेळ. तोंडाने पाऊणकी म्हणत होतो हे शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागल्यावर कळलं. थांबलो नाही.

जेवणाची सुट्टी झाली, चहा येऊन गेला. मॅडमचं दार बंदच. एकदा ऋचाचा आवाज चढलेला ऐकू आला, मग मॅडमचा, मग प्रिंटर चालू झाल्याचा. काय छापत होत्या कुणास ठाऊक.

तीन वाजता शेवटच्या ओळीवर आलो. खाली लिहिलं, वरील तिथी मी आज भरल्या, पूर्वीचा 'यादृच्छिक' हा शेरा चुकीचा आहे, माझा आहे. सही केली. सहीखाली तारीख घातली. आणि त्या वहीत पहिल्यांदाच, तारखेच्या पुढे, तिथीही.